जिन्यातलं स्टूल

मॅडम, मंगळवारी तुमचा चहा मी नेहमीसारखा गाळून ठेवला होता. कपावर बशी झाकली होती. शाळा भरायला पंधरा मिनिटं उरली तरी तुम्ही आला नाहीत, म्हणून बशी उचलून बघितलं, तर साय धरलेली. तुम्हाला साय आवडत नाही. मी ती चमच्यानं काढली आणि परत झाकण ठेवलं. तेव्हा तुम्हाला जाऊन तीन तास झाले होते. तीन तास, आणि मी तुमच्या चहावरची साय काढत होते. हे मला अजून समजत नाही. माणूस गेलं की काहीतरी कळायला हवं ना, निदान हात तरी थांबायला हवा. माझा हात थांबला नाही.

मग मोठ्या सरांनी ऑफिसात बोलावलं. मला ऑफिसात बोलावलं की आधी नोकरी गेली असंच वाटतं, तुम्हाला माहीत आहे. पदराला हात पुसत गेले. ते म्हणाले, मंगलाबेन, अकरावीचा पहिला तास रिकामा राहील, पोरांना गप्प ठेवा. एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. तुमचं नाव घेतलं, सकाळी घरातच पडलात म्हणाले, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी सगळं ऐकलं. ऐकून विचारलं, "मग मॅडम उद्या येणार?"

मी बाहेर आले आणि घंटा दिली. त्या दिवशी घंटा अगदी वेळेवर वाजली. बऱ्याच महिन्यांनी.

आज शुक्रवार आहे. मधल्या सुट्टीत, पाण्याच्या खोलीत बसून लिहितेय. काल तुमच्या अनघाताईंनी सांगितलं की तेराव्याला एक छोटी पुस्तिका काढायची आहे, आईला ओळखणाऱ्यांनी पान-पान लिहून द्या. मला म्हणाल्या, तुम्ही तर लिहायलाच हवं. मी लिहिलं: मॅडम फार प्रेमळ होत्या. लिहून वाचलं. खोटं नाही. पण हे तर तुम्हाला फाटकापाशी एकदा बघितलेला रिक्षावालाही लिहील. माझ्याकडे लिहायला जे आहे ते वेगळं आहे, आणि ते तुमच्याआधी दुसऱ्या कुणाला सांगायची छाती होत नाही.

तुम्हाला जिना चढताना छातीत दुखायचं, हे फक्त मला माहीत होतं. तुमच्या मुलीलाही नाही. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

पण आधी दुसरं सांगते. तेवढ्यानं धीर येईल.

नऊ वर्षं झाली असतील. मी शाळेत नवीन लागले होते. दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी पुसताना अकरावीच्या वर्गापाशी माझा हात हळू व्हायचा. आत तुम्ही त्या इंग्रजाचं नाटक सांगत होतात, चारशे वर्षांपूर्वीच्या. पोरांच्या पुस्तकात त्यातला दोन पानांचा तुकडा होता, पण तुम्ही अख्खं नाटक शिकवायचात. मध्येच हिंदीत शिरायचात, मध्येच गुजरातीत, आणि फार भरात आलात की मराठीत. म्हातारा राजा तीन मुलींना विचारतो, तुमचं माझ्यावर किती प्रेम ते सांगा, त्याप्रमाणे राज्य वाटतो. दोघी गोड गोड बोलतात. धाकटी बोलत नाही आणि तिला काही मिळत नाही. मला पुढचं हवं होतं. तुम्ही एकदम दारात आलात.

"अगं, ती एकच फरशी किती पुसशील?"

वाटलं, पंधरा दिवसांत कामावरून काढणार. तुम्ही म्हणालात, ऐकत होतीस ना, मग सांग, राजा चुकला की पोरी चुकल्या? मी मान खाली घालून म्हटलं, राजानं विचारायलाच नको होतं. आमच्याकडे बाप असं विचारत नाही. जी पोरगी बोलत नाही, तिचाच जीव जास्त असतो, हे बापाला ठाऊक असतं.

तुम्ही आत जाऊन वर्गाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मला त्यातलं फक्त माझं नाव कळलं. चाळीस पोरांनी एकदम मागं वळून दाराकडे बघितलं आणि मी बादली उचलून पळाले. दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळा भरायच्या आधी अर्धा तास आलात. म्हणालात, चहा टाक, दोघींचा. आणि आज वर्गात काय सांगणार ते आधी मला सांगितलंत. तुझ्या गळी उतरलं की त्यांच्या उतरतं, म्हणालात.

मी सातवी शिकलेली. शिंदखेड्याकडचं गाव. आठवीची शाळा नदीच्या पलीकडे, आणि आप्पांनी सांगितलं होतं की पोरीनं रोज नदी ओलांडायची नाही. मग लग्न, मग इथं सुरतेत, लिंबायतला. आमचे हे पांडेसऱ्याला रंगाच्या मिलमध्ये. मला कुणी कधी काही विचारलं असेल तर, भाजी झाली का, पाणी आलं का, एवढंच. एका खुनाची चूक कुणाची, असं मला पहिल्यांदा तुम्ही विचारलंत. नऊ वर्षं विचारत राहिलात.

त्या राजपुत्राचं नाटक आठवतं? ज्याला बापाचा सूड घ्यायचा असतो आणि तो आज घेऊ की उद्या घेऊ करत बसतो. मी म्हटलं होतं, मॅडम, ह्याला एवढा विचार करायला वेळ कुठून मिळतो? ह्याच्या घरी नळाला पाणी चोवीस तास येतं वाटतं. तुमच्या नाकात चहा गेला होता. नंतर ते तुम्ही वर्गात सांगितलंत, आणि पुढं कितीतरी दिवस पोरं मला जिन्यात अडवायची, मासी, आज पाणी आलं का? इथं शाळेतल्या आम्हा कामाच्या बायकांना पोरं मासीच म्हणतात. पण तुमच्या वर्गातली पोरं म्हणायची तेव्हा त्यात थोडा वेगळा मान असायचा. की मलाच तसं वाटायचं.

आणि तुमच्या फुल्या. नाटक वाचताना जिथं कुणीतरी तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, तिथं पानाच्या कडेला पेन्सिलीनं फुली मारायची, हा तुमचा नियम. गुजरातीत तिला चोकडी म्हणतात, पण तुमच्या वर्गात मारवाड्याची पोरंसुद्धा फुलीच म्हणायची. कुणी किती मारल्या यावरून भांडणं व्हायची. शाळा सुटल्यावर बाकं पुसताना विसरलेली पुस्तकं मी उघडून बघायचे. इंग्रजी मला वाचता यायचं नाही, फुल्या तेवढ्या दिसायच्या. कडेला एकाखाली एक. एवढ्या जागी थांबवता आलं असतं आणि कुणी थांबवलं नाही, असं वाटून जीव घाबरायचा.

मला लिहायला तुम्हीच परत लावलंत. चाचणीचे जुने पेपर आणून द्यायचात, पाठीमागची बाजू कोरी असते म्हणून. रोज पाच ओळी. आज हे लिहितेय तेही त्याच कागदांवर. पुढच्या बाजूला कुणाचा तरी निबंध आहे, दहापैकी चार, आणि तुमच्या लाल शाईत काहीतरी लिहिलंय.

आता ते लिहिते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी तुम्ही पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर थांबलात. कठड्याला हात. मी मागून झाडू घेऊन येत होते. कपाळाला घाम आणि तोंड असं, रंग उडालेल्या कापडासारखं. म्हटलं, पाणी आणू? नको म्हणालात, जरा थांबते. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी तुम्ही डावा दंड चोळत होतात. मी म्हटलं, मॅडम, दवाखान्यात जाऊ या, मी येते सोबत.

तुम्ही म्हणालात, परीक्षा होऊ दे. मे महिन्यात निवृत्तच होतेय, मग दवाखानाच आहे. मी म्हटलं, मग मोठ्या सरांना सांगू या, वर्ग खाली घेतील. तुम्ही माझं मनगट धरलंत. तुमचा हात गार होता.

"वर्ग खाली नाही घेणार, मंगला. अकरावी काढून घेतील माझ्याकडून. पहिली-दुसरीला बसवतील, फुलं रंगवायला. हे एक नाटक मला पुरं करू दे. कुणाला बोलू नकोस."

मी नाही बोलले. मला त्यात मोठेपण वाटलं, मॅडम. एवढ्या शिकलेल्या बाईनं आपलं गुपित माझ्याकडे ठेवलं. मी ते डब्यात ठेवल्यासारखं ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या खोलीतलं लाकडी स्टूल उचललं आणि जिन्याच्या वळणावर कोपऱ्यात नेऊन ठेवलं. मोठ्या सरांनी बघितलं. आ स्टूल अहीं कोणे मूक्युं, म्हणून विचारलं. मी पुढं होऊन सांगितलं, मी ठेवलं सर, माझे गुडघे दुखतात. ते म्हणाले, पोरं अडखळतील. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, ठीक छे, राखो. तेव्हापासून ते मासीचं स्टूल. मी त्यावर एकदाही बसले नाही. तुम्ही रोज बसायचात, दोन मिनिटं, पिशवी मांडीवर घेऊन, आणि कुणी वरून-खालून आलं की माझ्याशी काहीतरी बोलत असल्यासारखं करायचात.

आणि घंटा. ती दोन मिनिटं मिळावीत म्हणून मी रोज घंटा उशिरा द्यायला लागले. तुम्ही स्टुलावरून उठलात की वरून पिशवीची कडी वाजायची, मग मी हातोडी उचलायचे. एरवी मला पाच मिनिटं उशीर झाला तर छातीत धडधडतं, पण ह्यात भीती वाटली नाही. सर विचारायचे तर म्हणायचे, घड्याळ मागं पडतं. त्यांनी दोनदा सेल बदलून आणला. अख्खी शाळा तीन महिने तुमच्या श्वासावर चालत होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

उत्तरायण झाल्यावरचा आठवडा. कठड्याला, तारांना पतंगाचा मांजा गुंडाळलेला, मी काठीनं काढत होते. तुम्ही वर्गात होतात, तुमचा फोन शिक्षकांच्या खोलीत पिशवीत वाजत होता. थांबायचा, परत वाजायचा. चार वेळा वाजल्यावर मी घेतला. अनघाताई होत्या, पुण्याहून. म्हणाल्या, आई कालपासून दमल्यासारखी बोलतेय, बरी आहे ना हो?

मी म्हटलं, "एकदम बऱ्या आहेत ताई. आत्ताच दोन जिने चढून गेल्या."

तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारून शाब्बास म्हणालात. ती थाप मला अजून पाठीवर जाणवते.

हे सगळं चाललं होतं आणि रोज सकाळी चहाला तुम्ही मला ते रुमालाचं नाटक सांगत होतात. सरदार बायकोला रुमाल देतो, पहिली भेट म्हणून. तो तिच्या हातून पडतो. तिची जी सोबतीण असते, दासी म्हणा, ती उचलते आणि स्वतःच्या नवऱ्याला देते, कारण तो कधीपासून मागत असतो. तो नवरा कपटी. तो रुमाल दुसऱ्याच माणसाच्या खोलीत टाकतो, आणि सरदाराला वाटतं, बायकोनं त्याला दिला. मी आधी हसले होते. म्हटलं, सुरतेत राहून रुमालासाठी जीव घेतात हे कुणाला पटेल, इथं पर्वत पाटियाला पोतीच्या पोती चिंध्या रस्त्यावर पडलेल्या असतात. मग तुम्ही पुढचं सांगितलंत आणि माझं हसू गेलं. मालकीण रुमाल शोधत असते, रडवेली झालेली असते, दासीलाच विचारते की कुठं गेला असेल. आणि दासी म्हणते, मला ठाऊक नाही.

मी भडकले. तीन दिवस आपलं ह्यावरून चाललं होतं. तुम्ही म्हणायचात, तिला काय माहीत पुढं काय होणार, घरात असला नवरा, भीती असते. मी म्हणायचे, भीती मलाही असते. मला तर दार बंद करून आले की नाही याचीही भीती असते, तीन वेळा मागं जाऊन बघते. म्हणून काय समोर बाई रडत असताना तोंड शिवून बसायचं? तिनं एक शब्द बोलायला हवा होता, बास, सगळी फुली तिथंच. तुम्ही म्हणायचात, थांब, शेवट ऐक, मग तुझं मत बदलेल.

सोमवारी तुम्ही शेवट सांगितलात. वर्गाला मंगळवारी सांगणार होतात. सरदार संशयानं मालकिणीचा जीव घेतो, तेव्हा दासीला रुमालाचं कळतं, आणि मग ती सगळ्यांसमोर बोलते, नवरा तलवार घेऊन उभा असतो तरी बोलते. तोही तिला मारतो. सांगताना तुमचा आवाज बारीक झाला होता. मग कप खाली ठेवून विचारलंत, आता? आता तरी माफ?

मी म्हटलं, उशीर झाला होता मॅडम. बाई तर गेली.

"तू फार कडक आहेस गं," तुम्ही म्हणालात. "उद्या बघू."

उद्या बघू म्हणून तुम्ही पिशवी घेतलीत आणि वळणावर जाऊन बसलात. दोन मिनिटांपेक्षा जास्त बसलात त्या दिवशी. मी हातोडी धरून खाली उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हाच ऑफिसात जाऊन सांगायला हवं होतं.

काल तुमचं बेसणं झालं. इकडची पद्धत, तुम्हीच मला समजावली होतीत: पांढरे कपडे घालून दोन तास बसायचं, येणाऱ्यानं हात जोडून थोडं बसावं आणि निघावं, कुणी काही विचारत नाही. पण अनघाताईंनी विचारलं. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, मंगलाताई, आई तुमच्याशी सगळं बोलायची. तिला काही त्रास होत होता का? कधी काही म्हणाली?

माझ्या डोळ्यांसमोर ऑफिस आलं, मोठे सर आले, आमचे हे आले. शपथेसारखा तुमचा गार हात आला. मी म्हटलं, नाही ताई, मला काही ठाऊक नाही.

बोलले आणि माझेच शब्द माझ्या कानावर आले. अगदी तेच शब्द, मॅडम. घरी आले तर चूल पेटवायची विसरून ओट्यापाशी उभी राहिले. आमच्या ह्यांनी दोनदा हाक मारली. मी आपली स्वतःशीच आमच्या अहिराणीत बोलत होते, का बरं बोलनी नही ती, का बरं बोलनी नही. त्यांनी विचारलं, कोण बोललं नाही? म्हटलं, एक बाई होती.

इथवर शुक्रवारी लिहिलं होतं. आज रविवार. दुपार आहे, हे झोपलेत. पुढचं लिहून टाकते.

काल शनिवारी अकरावीचा तास परत रिकामा होता. नवीन बाई अजून मिळाल्या नाहीत. सरांनी मला दारात बसवलं, गोंधळ होऊ देऊ नका म्हणून. पोरं गोंधळ करत नव्हती, तेच वाईट वाटत होतं. फळ्यावर तुमचं सोमवारचं अक्षर तसंच होतं. ते मीच पुसलं नव्हतं. थोड्या वेळानं मॉनिटर हेतल उठली. तीच ती, दोन वेण्यांची, जिच्या फुल्या सगळ्यात जास्त असतात. म्हणाली, मासी, मॅडमने बोला था मंगलवार को एन्ड बताएँगे. आपको तो पता होगा, आपको पहले बताती थीं ना.

मी म्हटलं, मला कुठं इंग्रजी येतं. ती म्हणाली, इंग्लिश में नहीं चाहिए. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, मासी, बस इतना बोल दो, मरता कौन कौन है. दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले. मरण्याचा शब्द वर्गात तसाच पडून राहिला.

मी सांगितलं, मॅडम. आधी दारातून, मग कधी आत गेले कळलं नाही, फळ्याजवळ नाही गेले, पहिल्या बाकापर्यंत. हिंदी, गुजराती, मराठी, जे तोंडाला येईल त्यात. तुम्ही सांगितलं होतं तसंच. सगळ्यांच्या हातात पेन्सिली होत्या. मालकीण निजलेली असते तो भाग सांगताना खिडकीपाशी बसलेल्या मुलीनं तोंड फिरवलं. मग दासीवर आले. म्हटलं, तिचा नवरा म्हणतो तोंड बंद ठेव आणि घरी चल. तिनं ऐकलं नाही. रुमाल मला सापडला, मीच दिला, असं सगळ्यांसमोर म्हणाली. एवढं सांगितलं आणि मी बाक धरलं.

हेतलची पेन्सिल पानाच्या कडेवर थांबली होती. तिनं वर बघितलं.

"मासी, इधर फुली नहीं आएगी ना? इधर तो वो बोली."

मी म्हटलं, नाही. इथं नाही.

सोळा वर्षांच्या पोरीनं ते विचारलं, आणि तीन दिवस जे आत अडकलं होतं ते हललं. तुम्हाला हेच म्हणायचं होतं का? मला अजून पटत नाही. बाई गेली तर गेलीच, दासी बोलली म्हणून ती उठून बसली नाही. आता मला तुमच्याकडून हरायचं होतं मॅडम, मनापासून हरायचं होतं, तुम्ही माफ म्हणावं आणि मी हो म्हणावं. पण वाद घालायला दुसरं माणूस लागतं.

मधल्या सुट्टीत अनघाताई आल्या होत्या, तुमचं कपाट रिकामं करायला. शिक्षकांच्या खोलीत एकट्याच. खडूचा डबा, ती चॉकलेटी शाल, तुमचा कप, सगळं टेबलावर मांडलेलं. मी दारात उभी राहिले. त्या म्हणाल्या, लिहिलं का पान?

मी म्हटलं, "ताई, परवा मी खोटं बोलले. मॅडमना छातीत दुखायचं. दिवाळीपासून. मला माहीत होतं."

मी बोलत राहिले. अकरावीचं, परीक्षेचं, कुणाला सांगू नकोस म्हणालात त्याचं. त्यांनी मध्येच हात वर केला.

"मी फोन केला होता तेव्हा?"

"तेव्हाही."

त्यांच्या हातात तुमचा कप होता. तो त्यांनी फार जपून खाली ठेवला, जणू जोरात ठेवला तर फुटेल. म्हणाल्या, मी दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं होतं, मंगलाताई. तुम्ही एकदम बऱ्या म्हणालात म्हणून रद्द केलं.

हे मला ठाऊक नव्हतं. खरोखर ठाऊक नव्हतं. हात जोडावेत असं वाटलं, पण हात जोडून काय मागणार? त्याही रडल्या नाहीत. तुमच्यासारखंच खालचा ओठ दातात धरून खिडकीबाहेर बघत राहिल्या. माफ केलं म्हणाल्या नाहीत. मला रागावल्याही नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग विचारलं, ती बसायची कुठं?

मी त्यांना जिन्याच्या वळणावर नेलं. पोरं खाली मैदानात होती, जिना मोकळा होता. अनघाताईंनी स्टुलावर हात फिरवला. मग पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. तुम्ही बसायचात तशाच, भिंतीकडे थोडं कलून. म्हणाल्या, किती वेळ बसायची?

म्हटलं, घंटा होईपर्यंत. घंटा मीच देते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं असावं, त्यांनी डोळे मिटले.

मी खाली आले. सुट्टी संपायला मिनिट उरलं होतं. काटा पुढं गेला. मी हातोडी धरून उभी. पोरं फाटकाकडून परत यायला लागली होती आणि घंटा नाही म्हणून तिथंच घुटमळत होती. एक मिनिट, दोन, तीन. वरून काही आवाज नाही. चार झाली. माझ्या छातीत धडधडत होतं, पण हातोडी नाही उचलली. मग वर पिशवीची कडी वाजली.

मी घंटा दिली.

मोठे सर ऑफिसच्या दारात आले. आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. परत मागं पडलं का, म्हणाले, आता नवीनच आणतो. मी हातोडी खुंटीला लावली. म्हटलं, घड्याळ बरोबर आहे सर, ते कधीच मागं पडलं नव्हतं. मीच थांबत होते.

ते तिथंच उभे राहिले, पुढचं ऐकायला. मग मी स्टुलापासून सुरुवात केली.